चिंगीच्या आजारी बाटल्या

माझ्या धाकट्या बहिणीची वर्षभराची वाइन मी तिला गटारात ओतायला लावली. सहाशे चाळीस बाटल्या. आणि माझं चुकलं होतं. आज हे मी असं धडाधड सांगतेय, पण तिच्यासमोर तोंडातून काढायला मला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत घरातल्या सगळ्यांचं मी डोकं उठवलं, ते वेगळंच.

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे चूक केवढी होती ते कळेल. एका मोठ्या वाइन कारखान्याच्या लॅबमध्ये मी एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची चौदा प्रमुख म्हणून. टाकीतून नमुना यायचा. मी तो उजेडात धरून बघायचे, हुंगायचे, चाखून थुंकायचे, यंत्रात घालायचे आणि मग कागदावर सही करायचे. माझी सही नसेल तर टाकी जागची हलायची नाही. साहेब लोकसुद्धा दारावर टकटक करून आत यायचे. माझ्या नाकाला सगळे वचकून असत, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

चिंगी माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. पन्नाशी उलटली तरी चिंगीच. आई गेली तेव्हा ही अकरा वर्षांची होती. तेव्हापासून मी सांगायचं आणि तिने ऐकायचं, असं आमचं चालत आलं. केस कसे कापायचे, कुठल्या शाखेला जायचं, कुठल्या डॉक्टरला दाखवायचं, सगळं ताईला विचारून. लग्न तिने केलं नाही आणि त्याचं तिला कधी वाईटही वाटलं नाही. सत्तावीस वर्षं एका विमा कचेरीत फायली सांभाळल्या. मग एके दिवशी, मला न विचारता, राजीनामा दिला आणि डोंगराच्या उतारावर द्राक्षांच्या जुन्या वेलींचा एक तुकडा घेतला. सोबत दोन खोल्यांचं घर, एक शेड आणि अंगणात जमिनीखाली, लोखंडी झाकणाचा, कधीकाळी पाणी साठवायचे तो हौद, जो आता ठणठणीत कोरडा होता.

मी म्हटलं, ठीक आहे, द्राक्षं पिकव, कारखान्याला घाल. तर बाईसाहेब म्हणतात, मी स्वतः वाइन करणार. आणि ती कशी? बाहेरचं यीस्ट नाही, जंतू मारायला सल्फर नाही, गाळणं नाही, काही म्हणजे काही घालायचं नाही. द्राक्षं तुडवायची, सालीवर जे असेल त्यानेच ती आंबू द्यायची, आणि आपण बाजूला उभं राहून बघत बसायचं.

"चिंगे," मी म्हटलं, "ही वाइन आहे की लॉटरी?"

"बघू ना ताई," ती म्हणाली. एवढंच. तिचं सगळं बोलणं असंच, फायलीवर शेरा मारल्यासारखं.

पहिलं पीक तिने एकटीने तोडलं. एकटीने म्हणजे शेजारच्या मळ्यातल्या दोन बायका मदतीला होत्या, पण पायाने तुडवलं तिनेच. थंडी सरता सरता वाइन बाटल्यांत भरली. मला चाखायला बोलावलं. मी तोंड वाकडं करायच्या तयारीनेच गेले होते. घोट घेतला, आणि वाकडं करायला काही सापडेना. हलकी, लालसर, जिभेवर जरा नाचरी. "बरी आहे," मी म्हटलं. एकतीस वर्षांत मी कुणाला याहून जास्त म्हटलेलं नाही. चिंगीचा चेहरा असा फुलला की मलाच लाजल्यासारखं झालं.

मग उन्हाळा लागला आणि तिचा फोन आला. "ताई, बाटलीतून धार पडतेय ना, ती तुटतच नाहीये."

मी दुसऱ्या दिवशीच गेले. तिने ग्लासात ओतून दाखवली. वाइन ओतताना आवाज होतो, तुम्हाला माहीत असेल. हिचा आवाजच नव्हता. तेलासारखी गुपचूप घसरली, आणि बाटली वर उचलली तर मागून तार आली. अंड्याच्या पांढऱ्यासारखी लोंबत राहिली. वास वाईट नव्हता, चवही फार बिघडली नव्हती, पण तोंडात घेतली की शी! आम्ही दहा बाटल्या उघडल्या. दहाही तशाच.

हा रोग मला पाठ होता. काही जंतू वाइनमध्ये चिकट धागे विणतात. सल्फर घातलं असतं तर झालं नसतं, हे मी तिला किमान तीनदा ऐकवलं. आणि मग म्हणाले, "संपलं. ओतून टाक सगळी. बाटल्या उकळत्या पाण्याने धू, पिंपं घासून काढ. नाहीतर पुढच्या वर्षीचीही हातची जाईल."

ती ग्लासाकडे बघत म्हणाली, "थोडे दिवस थांबून बघू का?"

"कशासाठी थांबायचं? मेलेलं माणूस उठून बसतं का?"

हे मी बोलले. याच तोंडाने. चार दिवसांनी मी फोन केला.

"ओतलीस?"

"हो, ताई."

"सगळी?"

"सगळी."

आवाज अगदी बारीक होता. मी म्हटलं, रडू नकोस, शिकायला मिळालं असं समज. वर पुढच्या वर्षी सल्फर किती घालायचं तेही सांगितलं. तिने लिहून घेतलं असणार, कारण पलीकडून काही ऐकू आलं नाही.

त्यानंतर चिंगी माझ्याशी जरा तुटकच वागायला लागली. फोन करायची, पण दोन मिनिटांत ठेवायची. मी म्हटलं, वर्षाची मेहनत गेलीय, होईल हळूहळू. मध्ये एकदा जाऊनही आले. तिची शेड लख्ख होती, पिंपं चकचकीत. मला बरं वाटलं. आपण वेळेवर सांगितलं म्हणून पुढचं तरी वाचलं, असं समाधान उराशी धरून मी परत आले. शहाणी!

आता माझ्या सुनेकडे येते. माझ्या मुलाने एक गोष्ट आयुष्यात चांगली केली, ती म्हणजे हिच्याशी लग्न. तिने दोन वर्षांपूर्वी वाइनचं छोटंसं दुकान काढलं. रिटायर झाल्यापासून दुपारी मी तिथे बसते, गिऱ्हाइकांना धाकात ठेवते. सुनेला वेड छोट्या उत्पादकांचं. कुणाचे चार एकर, कुणाचे दोन, स्वतः पिकवणार, स्वतः तुडवणार, स्वतः लेबल चिकटवणार. त्या बाटल्यांसाठी तिने दुकानात एक वेगळी फळी ठेवलीय. मी त्या फळीला दवाखाना म्हणायचे, कारण एक बाटली गढूळ, दुसरी फसफसणारी, तिसरीच्या तळाला बोटभर गाळ.

"आई, तुम्ही एकदा माझ्याबरोबर चला," ती म्हणायची. "ती माणसं तर बघा."

माणसं बघून वाइन सुधारते का? पण तिने पिच्छाच पुरवला, आणि एका रविवारी सकाळी मी तिच्याबरोबर त्या छोट्या उत्पादकांच्या मेळाव्याला गेले. बंद पडलेल्या छापखान्याचा लांबलचक हॉल. भिंतींवर अजून शाईचे डाग. चाळीसएक टेबलं मांडलेली, आणि प्रत्येक टेबलामागे ज्याची वाइन तो माणूस स्वतः उभा. सूट नाहीत, गळ्यात टाय नाहीत. नखांत माती, तळहातांना भेगा, आणि प्रत्येकजण आपल्या बाटलीकडे असा बघतोय की जणू पोरगं पहिल्यांदा शाळेत निघालंय.

पहिल्या सहा टेबलांवर मी जीभ आवरली. खरंच आवरली, सुनेला विचारा. सातव्या टेबलावर एका बाईची पांढरी वाइन होती, सालीसकट आंबवलेली, रंग चक्क चहासारखा. मी नाक खाली घातलं आणि तिथेच थांबले. कसली होती म्हणून सांगू! वाळलेल्या जर्दाळूचा वास, मागून काहीतरी खारट, आणि घोट गिळल्यावरही ती तोंडात आपली बोलतच राहिली. आमच्या कारखान्यात दरवर्षी एकसारखी चव निघावी म्हणून मी जन्म घालवला. आणि ही बाई म्हणते, मागच्या वर्षी वेगळी होती, पुढच्या वर्षी कशी येईल ते मला काय माहीत! वर खळखळून हसली. मला राग यायला हवा होता. आला नाही. मी ग्लास पुढे करून म्हटलं, "अजून थोडी."

सून माझ्याकडे बघतच राहिली. मी म्हटलं, "काय बघतेस? पुढच्या टेबलावर चल."

मग मला चवच लागली. मी हॉलभर फिरले. चांगल्या होत्या, वाईटही होत्या, दोन तर सरळ व्हिनेगर होत्या आणि मी तसं सांगितलंही. पण ज्या चांगल्या होत्या त्या मी आजवर चाखलेल्या कशासारख्याच नव्हत्या. साठाव्या वर्षी माणसाला नवीन काही चाखायला मिळावं! मी लहान मुलीसारखी खुश झाले होते, हे इथे कबूल करते.

शेवटून दुसऱ्या टेबलावर लोकरी टोपी घातलेले एक म्हातारेसे गृहस्थ होते. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे असतील. त्यांची एक लाल वाइन मी चाखली आणि माझी मान आपोआप हलली. गोलसर, निवांत, कुठे टोचत नाही.

"कशी केलीत?" मी विचारलं.

"मी कुठे केली," टोपीवाले म्हणाले. "हिने लई त्रास दिला. बाटलीत भरली आणि उन्हाळ्यात आजारी पडली. ओतली की तार निघायची, अशी." त्यांनी बोटाने हवेत लांब रेघ ओढली.

माझ्या हातातला ग्लास तसाच राहिला.

"मग काय घातलंत तिच्यात?"

"काही नाही. दार लावून घेतलं."

"म्हणजे?"

"म्हणजे थांबलो. आठ-नऊ महिन्यांनी उघडून बघितली तर बरी झालेली. ज्या जंतूंनी धागे विणले ते थकले, दुसऱ्या कुणीतरी ते धागे खाऊन टाकले, असं म्हणतात. दर वेळी होईलच असं नाही. पण माझ्याकडे तीनदा झालं, तिन्ही वेळा सुधारली. उलट आधीपेक्षा चांगली झाली."

मी विचारलं, "तुम्हाला कुणी ओतून टाकायला सांगितलं नाही?"

"सांगितलं ना," ते हसत म्हणाले. "शिकलेल्या माणसांनी."

ते चांगले गृहस्थ होते, त्यांना काय माहीत समोर कोण उभं आहे. मी ग्लास टेबलावर ठेवला आणि हॉलच्या बाहेर येऊन पायरीवर बसले.

बसल्या बसल्या एकतीस वर्षं डोळ्यांपुढून गेली. किती टाक्यांना मी हा रोग लिहिला? नऊ, दहा. आणि प्रत्येक वेळी काय झालं? कागदावर 'नापास' लिहिलं की त्याच दिवशी टाकी रिकामी. दुसऱ्या दिवशी धुतलेली, तिसऱ्या दिवशी नवीन माल. मी आयुष्यात एकही आजारी वाइन दुसऱ्यांदा पाहिली नव्हती. तिचं पुढे काय होतं हे मला माहीतच नव्हतं, आणि माहीत नाही हेही माहीत नव्हतं. आणि त्या भरवशावर मी माझ्या बहिणीला म्हटलं होतं, मेलेलं माणूस उठून बसतं का!

सून मागून आली. तिने सगळं ऐकलं होतं, आणि चिंगीमावशीच्या बाटल्यांचं तिला ठाऊक होतं. ती माझ्या शेजारी बसली. म्हणाली, "आई, मावशींना सांगायला हवं."

"कशाला?" मी उसळले. "ओतलेली वाइन परत येणार आहे का? उगाच जखमेवर मीठ!"

"पण पुढच्या वर्षी परत असं झालं तर?"

"तेव्हा सांगीन."

ती गप्प बसली. तिचं गप्प बसणं फार वाईट असतं.

पुढचे अकरा दिवस मी घरात आणि दुकानात कुणालाही सुखाने जगू दिलं नाही. मुलाला टॉवेलवरून बोलले. एका गिऱ्हाइकाला म्हटलं, तुम्हाला वाइन कळत नसेल तर सरबत प्या. स्वतःलाच नाना कारणं देऊन पाहिली. टोपीवाल्यांचं हवामान वेगळं असेल. चिंगीची कदाचित सुधारलीच नसती. शिवाय ती आता सावरलीय, पुन्हा का रडवा? एकेक कारण असं छान जमायचं, आणि मग मला तो ग्लासाकडे बघणारा चेहरा आठवायचा. थांबून बघू का, असं तिने विचारलं होतं. तिला लॅब नाही, यंत्र नाही, आणि नेमका प्रश्न तिने विचारला होता. मी तो ऐकलाही नाही.

खरी भीती मात्र वेगळीच होती, ती आता सांगून टाकते. चिंगीने आयुष्यात माझ्यावर डोळे मिटून विश्वास टाकला. एकदा हे कळलं की ती मागे वळून बघणार. त्या केसांपासून, त्या शाखेपासून. आणि कुठे कुठे ताई चुकली होती ते मोजत बसणार. मग मी तिची कोण?

बाराव्या दिवशी सून म्हणाली, "मी सांगू का मावशींना फोन करून?"

"खबरदार!" मी म्हटलं, आणि पर्स उचलून पहिली बस पकडली.

चिंगी वेलींची छाटणी करत होती. मला बघून दचकली. "अगं, कळवायचंस तरी!" म्हणत घाईघाईने हात धुतले आणि मला स्वयंपाकघरात नेऊन बसवलं. चहा ठेवला. मी म्हटलं, बसमध्ये खिडकी बंदच होत नव्हती. मग म्हटलं, तुझं हे ओट्याचं फडकं बदल, कळकट झालंय. मग म्हटलं, कात्रीला धार लाव. तीन वेळा तोंड उघडलं आणि तीनही वेळा भलतंच बाहेर पडलं.

"ताई, काय झालंय?" ती म्हणाली. "तब्येत बरी आहे ना?"

आणि मी बोलले. कपाकडे बघत, एका दमात. मेळावा, टोपीवाले, आठ महिने, सगळं. "तुझी वाइन मेलेली नव्हती चिंगे, आजारी होती. तू थांबूया म्हणत होतीस. मला काही माहीत नव्हतं आणि माहीत असल्यासारखी मी बोलले. माझं चुकलं. तुझी वर्षाची मेहनत मी गटारात घालवली."

मी मान वर केली तर तिच्या चेहऱ्यावर रंगच नव्हता.

"म्हणजे ती बरी होते?" तिने विचारलं.

"बहुतेक वेळा होते."

"आपोआप?"

"हो ग, आपोआप."

"कुठे ठेवायची असते? थंड जागी?"

मला वाटलं, ही स्वतःला टोचून घेतेय. "थंड, अंधारी जागा. चिंगे, नको आता ते..."

ती बोटांवर महिने मोजायला लागली. सात, आठ, साडेआठ. मग उठली आणि अंगणात निघून गेली. मी तिथेच बसून राहिले. म्हटलं, रडू दे एकटीला, माझं तोंडही बघायची तिची इच्छा नसणार. तेवढ्यात बाहेरून लोखंड फरशीवर घासल्याचा मोठा आवाज आला. मी धावले.

हौदाचं झाकण बाजूला सरकवलेलं आणि चिंगी कुठेच नाही. "चिंगे!" अशी ओरडले की वरच्या मळ्यातला कुत्रा भुंकायला लागला. तो हौद कोरडा आहे, त्यात बुडायला वाटीभर पाणी नाही, हे त्या क्षणी सुचेल तर शपथ.

हौदातून एक हात वर आला. हातात बाटली.

"धर," आतून आवाज आला.

मी धरली. धूळ बसलेली, बूच जागच्या जागी, लेबल चिंगीच्या अक्षरातलं.

"मी ओतलीच नाही, ताई."

तिने वर डोकं काढलं नाही. अंधारातूनच बोलत होती. मला तोंड दाखवायचं धाडस होत नव्हतं तिला, आता कळतं मला ते. म्हणाली, तू गेल्यावर सुरुवात केली होती. बारा बाटल्या ओतल्या. तेराव्या बाटलीला हातच चालेना. बरी होईल वगैरे असलं काही मनात नव्हतं, नुसतं ओतवेना. आणि ओतली नाही असं सांगितलं असतं तर तू पुढच्या बसने आली असतीस आणि स्वतःच्या हाताने ओतून गेली असतीस.

गेले असते. शंभर टक्के गेले असते.

"तू खोटं बोललीस? माझ्याशी?"

"हो."

"साडेआठ महिने?"

"तू मध्ये आली होतीस ना," हौद म्हणाला, "तेव्हा याच झाकणावर बसून चहा प्यालीस आणि मला तासभर स्वच्छतेवर ऐकवलंस. माझी पाचावर धारण बसली होती. तुझ्याशी फोनवर बोलायलाही भीती वाटायची, तोंडातून निघून जाईल म्हणून."

मला भयंकर राग आला. साठ वर्षांच्या बाईला अकरा रात्री छताकडे बघत काढायला लावतात का? मी चांगली फैलावर घेणार होते तिला, शब्दही तयार होते. पण मी तिथेच जमिनीवर बसले, मांडीवर बाटली घेऊन, आणि हमसून हमसून रडले. जीव भांड्यात पडणं आपण येता-जाता म्हणतो, पण तो पडताना असा आवाज करतो हे मला माहीत नव्हतं. चिंगी घाबरून वर आली. केसांत कोळ्याची जाळी, नाकाला माती. "ताई, चिडू नकोस ग," म्हणायला लागली आणि मी रडता रडता हसायला लागले. मग तीही हसली. शेवटी कोण रडतंय आणि कोण हसतंय तेच कळेना.

"पुसून घे तोंड," मी म्हटलं. "ओपनर आण."

तेव्हा मात्र दोघींचं हसू मावळलं. कारण दर वेळी होईलच असं नाही, हे टोपीवाल्यांनी बजावलं होतं. हौदातली सव्वासहाशे बाटल्या वाइन अजूनही आजारी असू शकत होती. चिंगीने दोन ग्लास आणले. मी बूच काढलं. तिने डोळे मिटून घेतले. मी बाटली मुद्दाम उंच धरली आणि तिरकी केली.

आवाज आला. चांगला खळखळ आवाज आला. धार ग्लासात पडली, उडाली, फुटली, आणि मी बाटली उचलल्याबरोबर तिथल्या तिथे तुटली. एक थेंब तेवढा तोंडाशी राहिला, तोही टपकन पडला.

"ऐकलंस?" मी ओरडले. चिंगीने डोळे उघडलेच नाहीत. तसंच विचारलं, "चव?"

मी घोट घेतला. उन्हाळ्याआधी तिच्यात जो अवखळपणा होता तो आता जरा शहाणा झाला होता. तीच वाइन, पण मोठी झालेली. मी नुसता ग्लास तिच्या ओठांना लावला. तिने घोट घेतला, गिळला, आणि मग कुठे डोळे उघडले.

आम्ही आणखी पाच उघडल्या. चार स्वच्छ. एकीला अजून किंचित तार होती. "हिला अजून दोन महिने देऊ," मी म्हटलं. असं वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं.

उन्हात हौदाच्या कडेला पाय सोडून बसलो होतो. चिंगी म्हणाली, "तुला एक सांगू? मी ते झाकण पुन्हा कधी उघडणारच नव्हते. आत काहीतरी मेलेलं लपवून ठेवलंय असंच वाटायचं मला. अंगणातून जातानाही मी तिकडे बघायची नाही. तू आज येऊन चुकलं म्हणाली नसतीस ना, तर मी गेल्यावरच कुणीतरी उघडलं असतं ते."

केसांपासून आणि शाखेपासून हिशोब मांडायला बसेल म्हणून जिला मी भीत होते, ती माझ्या खांद्याला खांदा लावून बसली होती आणि माझ्याच ग्लासातली वाइन पीत होती. मी तिच्या केसांतलं जाळं काढलं. तिने काढू दिलं.

मग ती पुन्हा हौदात उतरली, कारण सगळ्या बाटल्या वर काढून बघायच्या होत्या. तेवढ्यात माझा फोन वाजला. सून.

"आई, सांगितलंत?"

"सांगितलं."

"मग? मावशी खूप रागावल्यात का?"

मी खाली पाहिलं. चिंगी दोन्ही हातांत चार बाटल्या घेऊन, बेसूर आवाजात काहीतरी गुणगुणत, माझ्याकडे डोळे वटारून बघत होती.

"नाही ग," मी म्हटलं. "रागवायला तिला वेळच नाहीये."

"ताई!" खालून हुकूम आला. "गप्पा काय मारतेस? धर!"

मी फोन खिशात टाकला आणि दोन्ही हात खाली केले.